किल्लीची साखर

माझ्या यशूचे गाल ज्यांनी ज्यांनी ओढले, त्या सगळ्यांचा मला राग आहे. कॉलनीतल्या बायका, बारशाला आलेले पाहुणे, माझ्या नवऱ्याच्या, श्रेणिकच्या ऑफिसातली माणसं, लिफ्टमध्ये भेटणारे अनोळखी लोकसुद्धा. "काय गुटगुटीत आहे गं," म्हणायचे आणि गाल धरायचे. सासूबाई लगबगीने तीट लावायच्या. यशूची मान दिसेनाशी झाली होती, मनगटांवर वळ्या पडल्या होत्या, चेहरा भाकरीसारखा गोल झाला होता. तेच बाळ बारीक दिसलं असतं, तर पहिल्याच महिन्यात दहा जणांनी दहा डॉक्टर सुचवले असते. गोल बाळाबद्दल आमच्याकडे कुणी प्रश्न विचारत नाही.

सगळं श्रेय मालनमावशींना जायचं. मालनमावशी म्हणजे सांगलीच्या आमच्या भागात बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई. पाटावर पाय लांब करून बसायच्या, यशूला नडग्यांवर पालथी घ्यायच्या, तेल जिरवायच्या, डाळीचं पीठ लावायच्या आणि कढत पाणी असं ओतायच्या की मी पुढे होऊन आधी त्यात हात घालून बघायचे. मग उताणी करून एकेका कानात फुंकर, नाकात फुंकर. मग शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी. धुरीने खोली भरली की त्या मला म्हणायच्या, "ताई, आता दोन थेंब पिळा." म्हणजे बाळाच्या नाकात आईच्या दुधाचे दोन थेंब. सर्दी सुटते, नाक मोकळं राहतं. माझ्या आईने माझ्या नाकात पिळले होते, तिच्या आईने तिच्या. मीही पिळले.

एकेकाळी त्या धुरीत मालनमावशींना इतक्या शिंका यायच्या की बाळ हातातून निसटेल अशी भीती वाटायची. हल्ली अशा बायकाही ॲपवरून बोलवाव्या लागतात आणि ॲपवाल्यांनी नियम काढला, शिंकणारी बाई बाळाजवळ चालणार नाही. नेमक्या त्याच सुमारास 'मोकळीक' बनवणाऱ्या कंपनीने एका मंगल कार्यालयात शिबिर भरवलं. न्हाऊ घालणाऱ्या बायका, अंगणवाडीच्या मदतनीस, पाळणाघरातल्या मावशा, सगळ्यांना औषध फुकट. मालनमावशींनीही घेतलं. वर फलक लावला होता, 'बाळाजवळ शिंक नको.' हे शिबिर लक्षात ठेवा. बाळांना रोज हाताळणाऱ्या बायका त्यांनी स्वतः वेचून बोलावल्या होत्या.

मोकळीक काय आहे ते सांगायला हवं, कारण कंपनीच्या जाहिरातीत ते अर्धंच सांगतात.

ॲलर्जीची सर्दी म्हणजे नाकाचा गैरसमज. धूळ, धूर, परागकण यांत जिवावर बेतण्यासारखं काही नसतं, पण काहींच्या नाकाच्या अस्तरातल्या पेशी त्यांना शत्रू समजतात आणि धोक्याची रसायनं सोडतात. मग सूज, खाज, पाणी, शिंका. त्यावर कॉर्टिकोस्टेरॉइडचा फवारा हे जुनं आणि चांगलं औषध आहे. आपल्या मूत्रपिंडांच्या वर दोन लहान ग्रंथी असतात, त्या कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तयार करतात. फवाऱ्यातलं स्टेरॉइड त्याचंच भाऊबंद. ते पेशींत शिरून धोक्याच्या रसायनांची निर्मिती थांबवतं, नाकातल्या नाकात काम करतं आणि रक्तात फारसं उतरत नाही. खोट एवढीच की ते रोज मारावं लागतं आणि गुण यायला काही दिवस जातात. माणसं दोन दिवस मारतात, काही फरक नाही म्हणतात आणि बाटली फ्रीजवर ठेवून देतात.

मोकळीकने ही खोट काढली. निरोगी नाकात काही निरुपद्रवी जिवाणू कायमचे राहत असतात. त्यांतल्या एका जातीत कंपनीने असे बदल केले की तो नाकाच्या ओलाव्यातल्या कोलेस्टेरॉलपासून थोडं थोडं स्टेरॉइड बनवत राहील. एकदा नाकात सोडला की फवारा विसरा. पण असा जिवाणू गावभर पसरला तर? म्हणून त्याला कुलूप घातलं. जगायला त्याला एक ठरावीक साखर लागते आणि मोठ्या माणसाच्या नाकात ती साखर कुठेच नसते. महिन्यातून एकदा त्या साखरेचे थेंब नाकात घालायचे, ती सावकाश सुटत राहते. कंपनी त्या थेंबांना 'किल्ली' म्हणते. थेंब बंद केले की जिवाणू मरतो. शिंकेतून दुसऱ्याच्या नाकात गेला तरी उपासमारीने मरतो. मोठ्या माणसांत हे सगळं खरंही आहे.

यशू पाचव्या महिन्यात असताना तिला साधा ताप आला. दुपारपर्यंत ती हाक मारली तरी डोळे उघडेना. हात-पाय कापडाच्या बाहुलीसारखे लोंबत होते. मिरजेच्या रुग्णालयात नेईपर्यंत तिच्या रक्तातली साखर इतकी उतरली होती की नर्सने माझ्याकडे न बघता तिला माझ्या हातातून ओढूनच घेतलं.

तिथे मुलांच्या संप्रेरकांच्या तज्ज्ञ डॉ. हेरवाडे होत्या. जाडजूड चष्मा, तुटक बोलणं. त्यांनी यशूला स्थिर केलं, मग तिची लांबी मोजली आणि आम्हाला आत बोलावलं.

"वजन वाढलंय, लांबी वाढलेलीच नाही," त्या म्हणाल्या. "ही बाळसेदार नाहीये, ही सुजलेली आहे. बाळाला बाहेरून स्टेरॉइड कोण देतंय?"

"कुणीच नाही," मी म्हणाले.

"बाळगुटी?"

सासूबाईंचा चेहरा उतरला. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, सगळं त्या स्वतः उगाळत होत्या. डॉक्टरांनी ती गुटी तपासायला मागवली. हल्ली गुटीच्या पुड्यांत काहीही मिसळतात म्हणे. दोन दिवस त्या माउलीने अन्न घेतलं नाही, कॉरिडॉरमध्ये जपमाळ घेऊन बसून राहिल्या. गुटीत काही सापडलं नाही. यशूच्या लघवीत मात्र जे स्टेरॉइड सापडलं, ते बाजारातल्या एकाच औषधात असतं. मग तिच्या नाकातला नमुना घेतला. माझ्या पाच महिन्यांच्या मुलीच्या नाकात मोकळीकचा जिवाणू मजेत नांदत होता आणि दिवसरात्र स्टेरॉइड बनवत होता. इवल्याशा शरीराला ते नाकातून आणि पोटातून मिळत राहिलं. बाहेरून एवढं येतंय म्हटल्यावर तिच्या ग्रंथींनी काम सोडून दिलं. एरवी ते कुणाला कळलं नसतं. ताप आला की शरीराला एकदम जास्त कॉर्टिसॉल लागतं, आणि ते बनवणारं आत कुणीच जागं नव्हतं.

"पण किल्लीशिवाय तो जगला कसा?" मी विचारलं.

"तेच मला कळत नाही," डॉ. हेरवाडे म्हणाल्या. "कंपनीला कळवलंय."

श्रेणिकने मात्र गुन्हेगार तिथेच ठरवला. त्याने मालनमावशींना फोन करून रुग्णालयात बोलावून घेतलं. त्या धावतच आल्या, पदराने घाम पुसत. सासूबाईंनी त्यांना दारातच अडवलं.

"काय केलंस गं माझ्या नातीला? तुझ्या नाकातली घाण फुंकलीस तिच्या नाकात?"

"वैनी, माज्या हातनं लेकराचं वाईट व्हईल व्हय?" मालनमावशी भिंतीला टेकल्या. "फुकर तेवडी घालतो मी. सगळ्याच लेकरांस्नी घालतो."

"सगळ्याच," श्रेणिक म्हणाला. "ऐका आता. किती घरं नासवली असतील हिने."

मालनमावशी त्याच्याकडे वळल्या. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "दादा, तुमी बी घेताय न्हवं त्ये? धुरीच्या येळंला तुमीच म्हनला हुता, मावशी, आता धुराचं मला कायबी वाटत न्हाई, मोकळीक घेतलीया."

त्या खरं बोलत होत्या. श्रेणिकचं ऑफिस मार्केट यार्डात, हळदीच्या गोदामांच्या गल्लीत. हंगामात शिंकून शिंकून हैराण व्हायचा, म्हणून गेल्या वर्षीच त्याने मोकळीक घेतली होती. रोज संध्याकाळी घरी आला की बूट काढायच्या आधी यशूला उचलायचा आणि तिच्या नाकाला नाक घासायचा. ती खिदळायची. त्याची बहीण आली की तीही तसंच करायची, आणि मोकळीक तिच्याही नाकात होती. डॉ. हेरवाडेंना मी विचारलं, हा जिवाणू नेमका कुणाकडून आला ते सांगता येईल का. त्या म्हणाल्या, "नाही. सगळ्यांकडचा सारखाच. कुणीही असेल." सासूबाई उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. मालनमावशींना कुणी थांबा म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. त्या थोडा वेळ उभ्या राहून निघून गेल्या.

दोन दिवसांनी पुण्याहून कंपनीचे डॉ. सबनीस आले. मऊ आवाज, मऊ शर्ट. आधी त्यांनी यशूच्या प्रकृतीची चौकशी केली, मग खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली.

"मॅडम, बाळाच्या नाकात तुम्ही कधी दूध घातलंत का? तुमचं?"

"रोज. दोन थेंब."

त्यांनी समाधानाने मान हलवली. तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी ज्या डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथे बाळांची दूध पावडर बनते. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या बाळासाठी नसतातच, त्याच्या आतड्यातले चांगले जिवाणू पोसायला असतात. हल्ली त्यांतली एक साखर टाक्यांमध्ये तयार करतात आणि पावडरीत घालतात. आमच्या कोठारात तिची पोती रचलेली असतात. स्वस्त, सुरक्षित, सगळ्या परवानग्या आधीच मिळालेल्या.

"तुमची किल्ली म्हणजे ती साखर," मी म्हणाले. "आईच्या दुधातली."

"तुम्हाला विषयाची माहिती आहे, बरं झालं." सबनीस हसले. "मोठ्या माणसांसाठी ही निवड आदर्श होती. आता आपल्याकडे बाळाच्या नाकात दूध पिळायची प्रथा असेल, हे आमच्या परदेशी संशोधकांच्या स्वप्नातही नव्हतं."

मग त्यांनी त्यांचं म्हणणं मांडलं. कंपनीकडे एक औषध होतं, फक्त या जिवाणूलाच मारणाऱ्या विषाणूचे थेंब. बाजारात नव्हतं. नेहमीची अँटिबायोटिक्स डॉ. हेरवाडेंनी देऊन पाहिली होती, पण जिवाणू नाकातल्या चिकट थरात दडून बसायचा आणि पुन्हा वाढायचा. कंपनीचे थेंब त्याला मुळापासून काढतील. यशूचं अंगावरचं दूध चालूच राहील. काही महिने दर आठवड्याला कंपनीचा माणूस येऊन थेंब घालून जाईल. त्याआधी मी कॅमेऱ्यासमोर एवढंच सांगायचं की न्हाऊ घालणाऱ्या बाईने अस्वच्छ पद्धतीने बाळाच्या नाकात फुंकर घातली, जुन्या समजुतीपायी नाकात दूध घातलं गेलं आणि त्यातून हे घडलं. त्यानंतर या विषयावर मी कुठेही बोलायचं नाही.

"बोलले तर?"

"मग थेंबांची जबाबदारी आम्हाला घेता येणार नाही," ते म्हणाले. "आणि अर्धवट सोडलं तर तो पुन्हा वाढतो. तुम्ही समजू शकता."

मी समजू शकत होते. "डॉक्टर, तुम्हाला मुलं आहेत?"

"एक मुलगा आहे. का?"

"लहान असताना दूध पिऊन उचकी लागली की त्याच्या नाकातून दूध यायचं नाही?"

"ते आम्ही हिशेबात धरलं होतं," सबनीस म्हणाले. "ओकारीतून नाकात येणारं प्रमाण फारच किरकोळ..." आणि थांबले. मऊ चेहऱ्यावरचा रंग बदलला. त्यांनी घड्याळात पाहिलं, उद्या येतो म्हणाले आणि बॅग उचलली.

ते गेल्यावर मला राग आवरेना. त्यांना ठाऊक होतं. अंगावर पिणाऱ्या प्रत्येक बाळाच्या नाकात ती साखर जाते हे त्यांना माहीत होतं. कुणीतरी एसी खोलीत बसून ते प्रमाण मोजलं होतं, किरकोळ ठरवलं होतं आणि मग मंगल कार्यालय भाड्याने घेऊन बाळं हाताळणाऱ्या बायकांना फुकट औषध वाटलं होतं. आता दोष कुणाचा, तर मालनमावशींच्या फुंकरीचा आणि माझ्या दोन थेंबांचा. मी त्यांना हवं ते बोलले असते तर लोकांनी न्हाऊ घालणाऱ्या बायका बंद केल्या असत्या आणि निर्धास्त झाले असते. घरोघरचे बाप, आत्या, आज्या बाळांच्या नाकाला नाक घासत राहिले असते. गोल गोल बाळं कौतुकात वाढली असती आणि एखाद्या तापात हातातून गेली असती. कुणी म्हटलं असतं, नजर लागली.

श्रेणिक म्हणाला, "सानिका, बोल ना तेवढं. आपल्याला आपलं बाळ बघायचंय."

"आणि बाकीची?"

"बाकीच्यांना डॉक्टर आहेत."

"डॉक्टरांना कळलं का यशूचं? पाच महिने वजन करून शाबासकी देत होते. मालनमावशीचं नाव घ्यायचं आणि तुझं नाही?"

"माझं घे," तो ओरडला. "घे माझं नाव. पण थेंब मिळू देत तिला."

त्याचं चुकत होतं असं मला म्हणता येत नाही. म्हणूनच जास्त राग आला. त्याचाही आणि माझाही.

मी डॉ. हेरवाडेंकडे गेले. कुलूप त्यांचं असेल, किल्ली माझ्या अंगावर होती. "मी दूध बंद केलं तर?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तर तो उपाशी मरेल. पावडरीतही ती साखर नको. आणि त्याचं स्टेरॉइड बंद झालं की हिच्या झोपलेल्या ग्रंथींसाठी मला बाहेरून औषध द्यावं लागेल, ते हळूहळू उतरवावं लागेल. ते मी करू शकते." मग चष्मा पुन्हा घालत म्हणाल्या, "पण पाच महिन्यांच्या बाळाचं दूध तोड, असा सल्ला मी कुणाला देत नाही. तुलाही देणार नाही. निर्णय तुझा."

आमच्या डेअरीत जुन्या पद्धतीची, ती साखर नसलेली पावडर अजून थोडी बनते. मी ती आणवली. दुसऱ्या दिवशी सबनीस आले तेव्हा मी नाही म्हणून सांगितलं. ते माझ्याकडे दया आल्यासारखं बघत राहिले.

यशूला घेऊन घरी आल्यावर सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "आपल्या लेकराच्या तोंडातलं काढून दुनियेचं भलं करायला निघालीस? तुझ्यासारखी आई बघितली नाही मी."

मी पावडरीचा डबा उघडला आणि पाणी उकळायला ठेवलं. 

दूध तोडणं म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. यशू बाटलीकडे बघायचीच नाही. माझ्या ब्लाउजकडे तोंड नेऊन वास घ्यायची आणि मी तिला बाजूला केलं की अशी रडायची की खालच्या मजल्यावरची माणसं वर यायची. छाती दगडासारखी घट्ट झाली, ताप चढला. मी दुसऱ्या खोलीत दार लावून बसायचे आणि ती दारापलीकडे रडायची. श्रेणिक तिला घेऊन गॅलरीत फेऱ्या मारायचा आणि तिच्यापासून आपला चेहरा लांब ठेवायचा. त्याने स्वतःचे किल्लीचे थेंब बंद केले होते, तो पुन्हा शिंकायला लागला होता, आणि आमच्यात बोलणं जवळजवळ संपलं होतं.

एका सकाळी मालनमावशी आल्या. तोंडाला घट्ट फडकं बांधलेलं. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. त्यांची सगळी कामं सुटली होती, कारण त्या स्वतःच घरोघरी जाऊन सांगत होत्या की तुमचं बाळ दाखवून आणा. कुणी दार लावून घेतलं, कुणी ॲपवर तक्रार केली. त्यांच्या हातात केळीच्या पानात बांधलेल्या मोगऱ्याच्या कळ्या होत्या.

"छातीला बांदा ताई. दूद आटतंय. आमच्याकडं असंच करत्यात." कळ्या त्यांनी उंबऱ्यावर ठेवल्या. "आनि वाटी-चमच्यानं पाजा तिला. बाटली न्हाई घ्यायची ती, वासानं वळकतीया."

कळ्यांचा कितपत उपयोग होतो मला माहीत नाही. मी बांधल्या. वाटी-चमच्याने पाजायला सासूबाई बसल्या. यशूने पहिले दहा चमचे थुंकले, अकरावा गिळला. सासूबाई तिला पुसत म्हणाल्या, "मला अजून पटलेलं नाही हे." आणि पुढचा चमचा भरला.

जिवाणू मेला. डॉ. हेरवाडेंनी नमुना पुन्हा पुन्हा तपासला. यशूच्या चेहऱ्याची सूज हळूहळू उतरली आणि खाली माझ्या आईसारखी टोकदार हनुवटी निघाली. औषध अजून बराच काळ चालणार होतं, पण ती जगणार होती. मग मी बोलायला लागले. वर्तमानपत्रांत, फोनवर, डेअरीच्या दूध संकलन केंद्रांवर. कंपनीने मला उत्तर दिलं नाही. त्यांनी स्तनपान सप्ताहाचा खर्च उचलला आणि गावभर फलक लावले, 'आईचं दूध, बाळाचा हक्क.' खाली लहान अक्षरांत कंपनीचं नाव. मग कुजबुज सुरू झाली, ती बाई म्हणजे जिने स्वतःच्या बाळाला दूध दिलं नाही ना, तीच.

डॉ. हेरवाडेंनी जिल्ह्यातल्या बालरोगतज्ज्ञांची बैठक बोलावली. आयांनाही बोलावलं होतं. सभागृह भरलं होतं. पुढे टेबलाशी डॉ. हेरवाडे, आरोग्य खात्याचे अधिकारी आणि सबनीस, मागे बायका, मांडीवर बाळं. सबनीस छान बोलले. मोकळीकने लाखो लोकांची नाकं मोकळी केली, त्यांची कामं टिकवली, हे त्यांनी आकड्यांनिशी सांगितलं. तेही खोटं नव्हतं. मग ते म्हणाले, "एका दुर्दैवी उदाहरणावरून घबराट पसरवू नका. त्या घरात अघोरी प्रथा पाळली गेली. आणि नंतर त्या आईनेच, सुशिक्षित असून, पाच महिन्यांच्या बाळाचं दूध तोडलं. अशा व्यक्तीच्या निर्णयबुद्धीवर किती विश्वास ठेवायचा ते आपण ठरवा. नाकात दूध पिळलं नाही, तर बाळाच्या नाकात ती साखर येईलच कुठून?"

सगळे माझ्याकडे वळले. मी बोलायला उभी राहिले. तयारी केली होती, कागद हातात होता. पहिलं वाक्य तोंडातून निघायच्या आत मागच्या रांगेत एक बाळ रडायला लागलं. भुकेचं रडणं, यशूचं असायचं तसं. माझ्या छातीत कळ आली. दूध तोडून कितीतरी आठवडे उलटले होते, आटलं असं मला वाटत होतं. ब्लाउजवर दोन ओले डाग उमटले आणि पसरत गेले. पुढच्या रांगेतल्या एका बाईने घाईने आपली ओढणी काढून माझ्यापुढे धरली. मी ती घेतली नाही.

"डॉक्टर सबनीस, इकडे बघा," मी म्हणाले. ते टेबलाकडे बघत होते. "बघा. साखर कुठून येते विचारलंत ना? इथून येते. बाळ रडलं की येते, ते माझं नसलं तरी येते. पोटात जाते, उचकी लागली की नाकातून बाहेर येते. पृथ्वीवर एक आई अशी नसेल जिने हे पाहिलं नाही. तुम्हीही पाहिलंत. रुग्णालयात मला म्हणालात, ते आम्ही हिशेबात धरलं होतं, किरकोळ आहे. ही माझ्या मुलीची साखर आहे. तुम्ही तिची किल्ली केलीत आणि मला ती तिच्या तोंडातून काढावी लागली. आता मी कसली आई ते इथल्या बायकांना ठरवू दे."

 ते बाळ रडतच होतं. त्याची आई उठली. वाटलं, त्याला घेऊन बाहेर जाईल. ती खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आली, बाळाला डॉ. हेरवाडेंसमोर टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "ह्याच्या वडिलांनी पण घेतलंय ते. ह्याची लांबी मोजता का?"